लँडुडनो: आई-बाबांना घेऊन वेल्सच्या समुद्रावर

इकडे ब्रिटनमध्ये आई-वडील आले की त्यांना फिरवायच्या जागा ठरलेल्या असतात, लंडन, एडिनबरा, लेक डिस्ट्रिक्ट. मागच्या खेपेला आम्ही लंडन केलं आणि ट्यूबचे, म्हणजे भुयारी रेल्वेचे, जिने चढून उतरून बाबांचे गुडघे असे सुजले की पुढचा आठवडा घरातच गेला. यावेळी ठरवलं की एकाच गावात जाऊन राहायचं, जिथे सपाट चालता येईल, समोर समुद्र असेल आणि जागोजागी बसायला बाक असतील. ऑफिसमधली एक वेल्श मैत्रीण म्हणाली मग लँडुडनोच. बाकीचे म्हणत होते अगं ते म्हाताऱ्या माणसांचं गाव आहे, कंटाळशील. जाऊन आल्यावर माझं मत असं झालंय की आई-बाबांना घेऊन जायला या देशात याच्याइतकं चांगलं गाव मी तरी पाहिलेलं नाही, आणि माझा आठ वर्षांचा मुलगासुद्धा परत यायला तयार नव्हता. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कुणाला उपयोग होईल.

शुक्रवार

मँचेस्टरहून थेट ट्रेन आहे, सव्वादोन तासांच्या आसपास. लंडनहून येणाऱ्यांना बहुतेक वेळा लँडुडनो जंक्शनला उतरून छोटी गाडी पकडावी लागते, जंक्शन वेगळं आणि गावातलं स्टेशन वेगळं एवढं लक्षात ठेवा. आणि जाताना उजवीकडच्या खिडक्या धरा. चेस्टर सुटलं, फ्लिंट आलं की डी नदीची खाडी दिसायला लागते, आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती, नजर पोचेल तिथपर्यंत ओला चिखल आणि त्यात चोची खुपसत फिरणारे पक्षी. पुढे प्रेस्टॅटिन, ऱ्हिल, कॉल्विन बे करत रूळ पार समुद्राच्या कडेला येतात. समुद्रात आडव्या रांगा लावून पवनचक्क्या उभ्या आहेत, ग्विंट अ मोर नावाचा प्रकल्प आहे तो, १६० पवनचक्क्या, ५७६ मेगावॅट. बाबा आणि नातू दोघं मिळून मोजत बसले आणि दर वेळी वेगळा आकडा येत होता.

स्टेशनवरून प्रॉमनाडपर्यंत, म्हणजे समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यापर्यंत, दहाएक मिनिटं चालत, एकदम सपाट रस्ता. आम्ही प्रॉमनाडच्या मागच्या गल्लीत एका गेस्टहाऊसमध्ये उतरलो. इथली बरीचशी हॉटेलं व्हिक्टोरियन काळातल्या इमारतींमध्ये आहेत, दिसायला देखणी पण जिने अरुंद, आणि सगळीकडे लिफ्ट नसते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर बुकिंगच्या आधी फोन करून तळमजल्याची खोली आहे का किंवा लिफ्ट आहे का ते विचारूनच घ्या. आमच्या मालकीणबाईंनी फोनवर गुडघ्याचं ऐकल्यावर तळमजल्यावरची मागची खोली राखून ठेवली होती, आणि पोचलो तेव्हा आईच्या हातातली पिशवी त्यांनीच घेतली.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. हा किनारा म्हणजे एक लांबलचक, बाकदार वळण आहे, साधारण तीन किलोमीटरचं. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला ग्रेट ओर्म, उजव्या हाताला लिटल ओर्म, दोन्ही चुनखडीचे डोंगर थेट पाण्यात उतरलेले. आणि मधल्या वळणावर एका ओळीत हॉटेलं, पांढरी, फिकट पिवळी, फिकट गुलाबी, सगळी साधारण एका उंचीची. मध्येच एखादा काचेचा टॉवर किंवा भडक बोर्ड असला प्रकार नाही. हे गाव आपोआप वाढलेलं नाही, आखून वसवलंय. पूर्वी इथे खाली दलदलीची जमीन होती आणि वर ओर्मवर तांब्याच्या खाणीत काम करणाऱ्यांच्या झोपड्या. १८४८ मध्ये ओवेन विल्यम्स नावाच्या लिव्हरपूलच्या सर्व्हेअरने जमीनदार लॉर्ड मॉस्टिनपुढे सुट्टीच्या गावाचा आराखडा ठेवला आणि पुढच्या काही दशकांत हे रुंद रस्ते, हा प्रॉमनाड, ही हॉटेलं उभी राहिली. १८९० मध्ये रुमानियाची राणी एलिझाबेथ इथे येऊन पाच आठवडे राहिली होती. कार्मेन सिल्वा या नावाने ती कविता लिहायची, त्या नावाचा रस्ता अजून आहे गावात.

जून महिना होता. साडेआठ वाजले तरी लख्ख ऊन. आई दर थोड्या वेळाने घड्याळ बघत होती, शेवटी म्हणाली, "अगं अजून दिवेलागण नाही झाली, आणि पोटात मात्र कावळे ओरडतायत, जेवायचं तरी केव्हा?" मग चिप्स घेतल्या आणि बाकावर बसूनच खाल्ल्या, व्हिनेगर आणि मीठ मारलेल्या, गरम. मी फिश पण घेतला.

शाकाहारी लोकांनी इथे एक विचारायलाच हवं, चिप्स कशात तळता? वेल्समध्ये आणि उत्तर इंग्लंडमध्ये काही दुकानांत अजूनही गाईच्या चरबीत तळतात, काही ठिकाणी तेलात. विचारलं तर लगेच खरं सांगतात, कुणी वाईट वाटून घेत नाही. आम्ही दोन दुकानं सोडून तिसऱ्यात तेलातल्या मिळवल्या.

आणि सीगल! इथले सीगल कोंबडीपेक्षा मोठे असतात आणि अजिबात घाबरत नाहीत. पोराच्या हातातली चिप मागून येऊन उचलली, बोटाला चोच पण लागली नाही इतक्या सफाईने. तो रडायच्या बेतात होता पण आजोबा एवढे हसले की तोही हसायला लागला. खाताना पाठ भिंतीला किंवा टपरीला लावून बसा, मागून यायला त्यांना जागा ठेवू नका.

शनिवार

सकाळी पाऊस. ब्रेकफास्टला मालकीणबाईंनी आई-बाबांसाठी मशरूम, टोमॅटो, बीन्स आणि हॅश ब्राऊन वेगळ्या तव्यावर केलं होतं, आम्ही काही सांगायच्या आत. आईने त्यांना आपल्या डब्यातले बेसनाचे लाडू दिले, त्यांनी तिथेच उभ्या उभ्या एक खाल्ला आणि दुसरा रुमालात बांधून ठेवला.

पावसात करायचं काय तर मॉस्टिन स्ट्रीट. गावातला मुख्य बाजाराचा रस्ता, आणि दुकानांपुढे जुन्या लोखंडी खांबांवर काचेची छतं आहेत, त्यामुळे बराचसा बाजार न भिजता फिरता येतो. दीडशे वर्षांपूर्वी पावसाचा विचार करून बांधलंय हे सगळं. तिथे एका टीरूममध्ये बसलो, बारा ब्रिथ मागवला. हा वेल्सचा ब्रेड, सुकामेवा रात्रभर चहात भिजवून त्यात पीठ आणि मसाला घालून भाजतात, आणि जाड काप करून वर लोणी लावून देतात. आईला फार आवडला, तिने काउंटरवर जाऊन हातवारे करून कृती विचारून घेतली, चहा किती, साखर कुठली, आणि ती मुलगी पण कामातून वेळ काढून सांगत होती. वेल्श केक्स पण चांगले लागतात, तव्यावर भाजलेले, पण त्यात काही ठिकाणी डुकराची चरबी असते, लोण्यातले आहेत का विचारा. वेल्श रेअरबिट म्हणजे चीज टोस्ट, त्यात बऱ्याचदा बिअर असते, वूस्टर सॉस पण असतो आणि त्या सॉसमध्ये मासळी असते, शाकाहारींनी तेही बघा. त्यापेक्षा ग्लॅमॉर्गन सॉसेज मागवा, नाव सॉसेज असलं तरी आत मांस नसतं, मुख्यतः चीज, लीक (कांद्याच्या जातीची भाजी) आणि ब्रेडचा चुरा. बाबांनी संध्याकाळी पण तेच खाल्लं.

अकराच्या सुमारास आभाळ मोकळं झालं आणि आम्ही पिअरवर गेलो. १८७७ चा हा पिअर, सुमारे ७०० मीटर, वेल्समधला सगळ्यात लांब. सुरुवातीला ग्रँड हॉटेलच्या कडेने वळतो आणि मग सरळ समुद्रात जातो. खाली लाकडी फळ्या, फळ्यांच्या फटीतून खाली पाणी दिसतं, दोन्ही बाजूंना नक्षीदार लोखंडी कठडे आणि छोट्या टपऱ्या, रॉक कँडी, खेळणी, आईस्क्रीम, दोन पेनीची नाणी ढकलणारी मशीनं. पोरगा मशीनपाशी अडकला. आई-बाबा चालत पुढे गेले.

आणि इथे जे झालं ते माझ्या मते या सगळ्या सहलीतलं सगळ्यात मोलाचं.

पिअरवर ओळीने बाक आहेत, बऱ्याच बाकांवर छोटी धातूची पट्टी, गेलेल्या माणसाचं नाव आणि त्याला ही जागा किती आवडायची ते. एका बाकावर एक बाई एकट्या बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, डोक्याला प्लॅस्टिकचा पारदर्शक स्कार्फ. बाबा शेजारी टेकले. त्यांनी हवेबद्दल काहीतरी म्हटलं, बाबांना ऐकू आलं नाही. बाबांनी तीसेक वर्षं इचलकरंजीत यंत्रमागावर काढलीत, कान तिथेच गेले. मी पुढे होऊन म्हटलं की वडिलांना कमी ऐकू येतं, ते मागावर कामाला होते. तशी त्या बाई एकदम वळून बसल्या आणि आवाज न काढता नुसते ओठ मोठे मोठे हलवून बाबांशी बोलायला लागल्या. आणि बाबांना कळलं! सगळं इंग्रजी नाही, पण "कुठे", "किती वर्षं" एवढं कळलं, आणि बाबांनी बोटं दाखवून उत्तर दिलं.

त्या बर्नलीच्या, उत्तर इंग्लंडातल्या लँकेशायरमधल्या. त्यांची आई विणकर होती, कापडगिरणीत. लँकेशायरच्या विणकर बायका मागांच्या आवाजात ओठ वाचूनच बोलायच्या आणि त्यांची पोरं घरीही तेच शिकायची, असं त्यांनी सांगितलं. वर्षातून एक आठवडा, वेक्स वीक म्हणतात त्याला, गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद, बॉयलर साफ करायचे, दुरुस्त्या करायच्या, आणि अख्खं गाव समुद्राला. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे क्लबात टाकून ती सुट्टी व्हायची. बहुतेक लोक ब्लॅकपूलला जायचे पण यांच्या वडिलांना शांतता हवी असायची, म्हणून हे लोक इकडे. लग्नानंतर नवऱ्याबरोबर येत राहिल्या, आता नवरा नाही तरी येतात.

बाबा मला म्हणाले, "त्यांना सांग की, आमच्या पहिल्या मागाच्या बिडाच्या फ्रेमवर ब्लॅकबर्न असं कोरलेलं होतं. रोज पुसायचो मी ते अक्षर." मी सांगितलं. बर्नलीपासून ब्लॅकबर्न म्हणजे शेजारचंच गाव. त्या बाईंनी बाबांचा हात दोन्ही हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग बाबांनी सांगितलं की इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, आमच्याकडे गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, आता निम्मे माग भंगारात गेलेत. त्या म्हणाल्या आमचे तर सगळेच गेले. आई पिशवीतून चिवड्याचा डबा काढून बसलीच होती. पाऊण तास गेला असेल. मी दुभाषी, पण मधे मधे माझी गरजच पडत नव्हती, ते दोघं हाताने धोटा फेकून दाखवत होते, सूत तुटलं की कसं गाठायचं ते दाखवत होते.

इतक्या वर्षांत बाबा या देशात कुणाशी असे बोलताना मी पाहिले नव्हते. इथे आले की ते घरातले एक कोपऱ्यातले माणूस होऊन जातात, टीव्ही आणि नातू, बास. लंडनच्या कुठल्या राजवाड्यासमोर उभं करून हे झालं नसतं.

दुपारी पिअरच्या तोंडाशी प्रॉमनाडवर पंच आणि ज्युडीचा खेळ. कॉडमन घराणं १८६० पासून हा बाहुल्यांचा खेळ इथे करतंय, पिढ्यानपिढ्या. रंगवलेला उभा छोटा रंगमंच, आत माणूस, हातात घालायच्या बाहुल्या, पंचचा तो चिरका आवाज, काठी, मगर, सॉसेजची माळ. पोरं जमिनीवर बसून ओरडत होती, मगर आली की "मागे! मागे!" आमचा पण गेला पुढे बसायला. बाबांना शब्द ऐकू यायची गरजच नव्हती. खेळ रोज नसतो, सुट्ट्यांचा काळ आणि शनिवार-रविवार बघून जा, आणि टोपी फिरवतात तेव्हा टाकायला नाणी खिशात ठेवा.

रविवार

आजचा दिवस ग्रेट ओर्मचा. वर जायला तीन प्रकार आहेत. एक केबल कार, हॅपी व्हॅली बागेतून, १९६९ ची, पण उघडे पाळणे आहेत आणि वारा वाढला की बंद ठेवतात, आम्ही गेलो त्या दिवशी बंदच होती. दुसरी ट्राम. तिसरं म्हणजे मरीन ड्राइव्ह, ओर्मला वळसा घालून जाणारा रस्ता, १८७८ चा, एकेरी, गाड्यांना टोल आहे, चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना फुकट. मालकीणबाईंनी सुचवलं की सकाळी टॅक्सीने मरीन ड्राइव्हने वर जा आणि ट्रामने खाली या, म्हणजे चढ कुठेच चढायला लागत नाही. हा सल्ला मी सगळ्यांना देईन.

मरीन ड्राइव्हवर एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. टॅक्सीवाले काका वेल्श, सत्तरीतले, एका वळणावर आपणहून थांबले आणि वर बोट केलं. कड्यावर, जिथे पाय ठेवायला जागा दिसत नव्हती तिथे, पांढऱ्या लांब केसांच्या बकऱ्या. मोठी मागे वळलेली शिंगं. या काश्मिरी बकऱ्या आहेत! काश्मीरची पैदास आधी फ्रान्समध्ये आली, तिथून इंग्लंडमध्ये, मग राजघराण्याच्या विंडसरच्या कळपात, आणि त्यातल्या काही मॉस्टिन घराण्याला मिळाल्या, त्या त्यांनी इथे ओर्मवर आणल्या. तेव्हापासून त्या इथे रानटीच राहतात. वेल्सच्या पलटणीसोबत परेडला जो बोकड असतो तो निवडायला याच कळपाकडे येतात. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनला रस्ते ओस पडले तेव्हा याच खाली गावात उतरून लोकांच्या कुंपणाची झुडपं खात फिरत होत्या, ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. आई खिडकीतून बघत म्हणाली, "बिचारी कुठली कुठं आली गं. पण रमलीत की."

सेंट ट्युडनो चर्च ओर्मच्या उत्तर उतारावर आहे, आजूबाजूला वस्ती नाही, नुसतं गवत, मेंढ्या, कबरी आणि खाली समुद्र. इमारत १२ व्या शतकातली, पण इथे सहाव्या शतकापासून धर्मस्थान आहे असं मानतात. उन्हाळ्यात रविवारी सकाळी इथे बाहेर उघड्यावर प्रार्थना होते. आम्ही नुसते लांब भिंतीशी उभे राहणार होतो पण एका आजोबांनी येऊन हातात पुस्तक दिलं आणि बाबांसाठी खुर्ची आणली. वारा एवढा होता की गाण्याचे निम्मे शब्द समुद्राकडे जात होते. आईने पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून पूर्ण वेळ उभी राहिली.

तिथून टॅक्सीने माथ्यावर, २०७ मीटर. जून असून गार वारा, स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागलं. हवा स्वच्छ असेल तर आइल ऑफ मॅन दिसतं म्हणतात, आम्हाला अँगल्सी आणि दक्षिणेला एरिरीचे (स्नोडोनियाचे) डोंगर अगदी स्पष्ट दिसले. वरच्या इमारतीत कॅफे आहे. १९५० च्या दशकात रँडोल्फ टर्पिन, ज्याने १९५१ मध्ये शुगर रे रॉबिन्सनला हरवलं तो बॉक्सिंग चॅम्पियन, या जागेचा मालक होता, फोटो लावलेत आत.

वर एक शेत आहे, पार्क फार्म. निसर्ग आणि जुना वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ते २०१५ मध्ये विकत घेतलं आणि मेंढपाळाला वर्षाला एक पाउंड भाड्याने दिलं. अट अशी की मेंढ्या ठरलेल्या ठिकाणी चारायच्या, कारण इथल्या चुनखडीवर फार दुर्मिळ झाडं आहेत आणि गवत माजलं की ती मरतात. कोटोनिॲस्टर नावाचं एक रानटी झुडूप तर जगात फक्त याच डोंगरावर उगवतं. वाटेत छोटी निळी फुलपाखरं खूप दिसली, तीही इथली खास जात, नेहमीपेक्षा लहान.

मग ट्राम. १९०२ ची. ही दोरावर चालते, म्हणजे डब्याला इंजिन नाही, लोखंडी दोराने ओढली जाते. मधल्या हाफवे स्टेशनला उतरून दुसऱ्या डब्यात बसायचं, आणि तिथेच खिडकीतून ते दोर गुंडाळणारं यंत्र बघायला मिळतं. बाबा तिथून हलेनात. एक डबा वर जाताना दुसरा खाली येतो, एकाचं वजन दुसऱ्याला मदत करतं. बाबा नातवाला सांगत होते, "रहाट बघितलास न्हवं गावाकडं विहिरीवर? एक पोहरा खाली जातोय, एक वर येतोय. तस्संच हाय बघ." पूर्वी वाफेवर चालायचं, आता विजेच्या मोटारी आहेत. तिथल्या माणसाने बाबांना एवढं बारकाईने बघताना पाहून बाहेर येऊन दोराचा एक कापलेला तुकडा हातात दिला, पीळ बघायला. बाबांनी तो बोटांनी फिरवून फिरवून पाहिला, कुठे झिजलाय ते नखाने दाखवलं, आणि त्या माणसाने बरोबर म्हणून मान हलवली.

हाफवेला उतरलात की कांस्ययुगातली तांब्याची खाण चालत दोनचार मिनिटांवर आहे, ती चुकवू नका. १९८७ मध्ये कारपार्कच्या कामासाठी जागा साफ करताना सापडली, १९९१ पासून लोकांना खुली. जवळजवळ ४००० वर्षांपूर्वीची खाण, आणि लोकांनी ती दगडी हातोडे आणि जनावरांची हाडं वापरून खणली, हजारो अवजारं सापडलीत. इथलं तांबं फ्रान्सपासून बाल्टिक समुद्रापर्यंत पोचलं होतं असं संशोधक सांगतात. हेल्मेट घालून बोगद्यांत उतरायचं. काही बोगदे एवढे अरुंद आहेत की त्यात फक्त लहान मुलंच शिरू शकली असतील. माझा पोरगा एका भोकापुढे उभा राहिला, खांद्याचं माप घेतलं आणि गप्प झाला, मग विचारलं, "आई, ती मुलं माझ्याएवढी होती?" त्याच्याहून लहान असतील बाळा. नंतर बाहेर येईपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही.

गुडघे दुखत असतील तर बोगदे टाळा, पायऱ्या बऱ्याच आहेत आणि वाकून चालावं लागतं. आई-बाबा वरच्या पुलावरून उघडी खाण बघत बसले, तेही छान दिसतं. खाण आणि ट्राम दोन्ही हिवाळ्यात बंद असतात, साधारण मार्चच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंतच.

संध्याकाळी वेस्ट शोअरला गेलो. गावाच्या दुसऱ्या अंगाचा हा किनारा, इकडे हॉटेलांची रांग नाही, घरं आहेत, वाळू आहे, आणि ओहोटीला पाणी पार लांब जातं. ॲलिस लिडेल, जिच्यासाठी ॲलिस इन वंडरलँड लिहिलं गेलं, तिच्या घरच्यांचं सुट्टीचं घर १८६२ पासून इथे होतं. ते घर २००८ मध्ये पाडलं याचं मला खरंच वाईट वाटलं, पण पांढऱ्या सशाचा पुतळा आहे, १९३३ मध्ये माजी पंतप्रधान लॉइड जॉर्जनी उद्घाटन केलेला. गावभर ॲलिसच्या गोष्टीतले लाकडी पुतळे पण आहेत, पोरांना ते शोधत फिरवायला चांगले. सूर्य ओर्मच्या खांद्याकडे कलला होता, समोरच्या डोंगरांवर तांबूस ऊन. पोराने पँट वर करून पाण्यात धावायला सुरुवात केली, आणि आईसुद्धा चपला हातात घेऊन घोट्यापर्यंत पाण्यात गेली. पाणी बर्फ होतं, तरी उभी राहिली.

सोमवार

बॅगा गेस्टहाऊसमध्ये ठेवून बसने कॉनवीला, वीसेक मिनिटं. लँडुडनोला राहून कॉनवी न बघता येऊ नका. पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकल्यावर १२८३ ते १२८७ मध्ये बांधलेला किल्ला, आठ बुरूज, आणि गावाभोवतीचा सगळा तट अजून शाबूत, २१ बुरुजांसह. चार वर्षांत हे एवढं काम! १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आत जिने गोल आणि उंच, म्हणून मी आणि पोरगा वर गेलो आणि आई-बाबा खाली धक्क्यावर बसले. किल्ल्याचं तिकीट आहे पण तटावरून फिरणं फुकट. किल्ल्याला लागूनच टेलफर्ड या इंजिनिअरचा १८२६ चा झुलता पूल आणि त्याच्या शेजारी स्टीफन्सन या दुसऱ्या इंजिनिअरचा रेल्वेचा पूल, डबा आरपार जाईल असा लोखंडी नळीचा, बाबा तेच बघत बसले होते.

धक्क्यावर ब्रिटनमधलं सगळ्यात लहान घर आहे, लाल रंगाचं, १.८ मीटर रुंद. खाली एक खोली, वर एक. १९०० पर्यंत त्यात एक कोळी राहायचा, सव्वासहा फूट उंचीचा, आत सरळ उभंही राहता येत नसणार त्याला. धक्क्यावरच्या कोळ्यांनी मला शिंपले दाखवले, इथे ते अजून लांब दांड्याच्या दाताळ्याने होडीतून हाताने काढतात. मी वाटीभर खाल्ले, नुसते वाफवलेले, आणि आई लांब बाकावर तोंड फिरवून बसली.

परतीची गाडी चारची. चढताना डावीकडे बसा, समुद्र तिकडे येतो. गर्दी टाळायची असेल तर शाळांच्या सुट्ट्या सोडून जून किंवा सप्टेंबर बघा, राहायलाही स्वस्त पडतं. मे महिन्याच्या पहिल्या बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) व्हिक्टोरियन जत्रा असते, रस्ते बंद, वाफेची इंजिनं, जुन्या वेशातली माणसं, ज्यांना गर्दी आवडते त्यांनी तेव्हा जा, पण खोल्या कितीतरी आधी भरतात. पावसाचा कोट, टोपी आणि एक जाड स्वेटर जुलैतही न्या. व्हीलचेअर लागत असेल तर प्रॉमनाड पूर्ण सपाट आहे, पिअरवर पण जाता येतं, फक्त फळ्यांवर खडखडतं. बाबांनी सप्टेंबरचं विचारून ठेवलंय. त्या बर्नलीच्या बाई तेव्हा परत येणार आहेत, त्यांनी दुसऱ्या आठवड्यातले वार लिहून दिलेत, आणि मी मालकीणबाईंना तळमजल्याच्या त्याच खोलीसाठी ईमेल पाठवलाय.